भट्टीतून उठलेला लॅपटॉप

जून महिन्यात वाराणसीचा पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर दुपारी अनवाणी पाय ठेवायची सोय नसते. रात्री नदीवरून वारा सुटला की तोच दगड निवतो. पंचगंगा घाटाच्या शेजारचा हा घाट पेशवेकाळातला, पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेलेला. इथल्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं रियाजाला बसत. घाटाचा दगड रोज तापतो, रोज निवतो, केसाच्या अंशाइतका फुगतो आणि पुन्हा आकसतो. ताण येतो तो सांध्यांवर. मागच्या गल्लीतल्या एखाद्या खोलीत दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप चालू असेल, तर त्याच्या पोटातही नेमकं हेच चाललेलं असतं. फरक इतकाच की दगडाला दिवसाकाठी एक फेरा पडतो आणि लॅपटॉपच्या चिपला वीस-पंचवीस.

मग एके दिवशी पडद्यावर उभ्या रेघा उमटतात. कधी चौकोनी ठिपक्यांची रांगोळी, कधी विंडोज सुरू होता होता मिट्ट काळोख. पंखा फिरतोय, दिवे लागलेत, चित्र मात्र नाही. दुरुस्तीच्या दुकानांच्या भाषेत हा ‘नो डिस्प्ले’. चित्र काढणारी चिप, म्हणजे जीपीयू, गेली असं निदान झालं की मालकापुढे तीनच वाटा उरतात. मशीन भंगारात द्यायचं, दुकानात द्यायचं, नाहीतर दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरून आपणच स्क्रू काढायचे. तिसरी वाट धरणारे जगभर लाखो निघाले. त्यांनी जे जे करून पाहिलं त्यात भाबडेपणा भरपूर आहे, पण थोडं खरं शहाणपणही आहे.

आधी निदानाविषयी, कारण निम्मी मशिनं इथेच चुकीच्या वाटेला लागतात. व्हीजीए किंवा एचडीएमआयची केबल लावून बाहेरचा मॉनिटर जोडून पाहायचा. रेघा तिथेही दिसल्या तर संशय चिपवर. तिथे चित्र स्वच्छ आलं तर दोष बिजागरीतून जाणाऱ्या चपट्या केबलचा किंवा पॅनेलचा. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासून परत बसवणं हा आपल्याकडचा जुना तोडगा. तो हसण्यावारी नेऊ नये. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याने उठलेली ‘मेलेली’ मशिनं कमी नाहीत. २०१० सालच्या मधल्या १५ इंची मॅकबुक प्रोची गंमत तर बघण्यासारखी आहे. तिथे ग्राफिक्स चिपवर आळ आला खरा, पण पुष्कळ बोर्डांत गुन्हेगार निघाला वीजपुरवठ्यातला एक छोटा कॅपॅसिटर. तो बदलला की मशीन ठीक. अशा बोर्डावरच्या निर्दोष चिपला गरम हवेची शिक्षा देणाऱ्यांनी हातचं मशीन घालवलं.

खरोखर चिपच आजारी पडते, तेव्हा तिला होतं काय? हे समजायला तिची बांधणी पाहावी लागते. चकाकणारा काळा चौकोन म्हणजे सिलिकॉनची चकती, तिला डाय म्हणतात. ती हिरव्या रंगाच्या एका छोट्या पट्टीवर पालथी बसवलेली असते आणि मध्ये सोल्डरचे शेकडो सूक्ष्म थेंब असतात. ही पट्टी पुन्हा मदरबोर्डावर बसते, तिच्याखाली सोल्डरचेच गोळे, पण हे मोठे, साधारण अर्ध्या मिलिमीटरचे. म्हणजे सांध्यांचे मजले दोन. वरचा चिपच्या आत, नजरेआड. खालचा बोर्डावर, कडेने बॅटरी मारली तर डोळ्यांना दिसणारा. या लेखाचा सगळा गुंता या दोन मजल्यांच्या गल्लतीत आहे.

सिलिकॉन तापल्यावर फार थोडं फुगतं, अंशामागे दशलक्षात सुमारे तीन भाग. खालची पट्टी त्याच्या पाचपटीहून जास्त फुगते. कागदावर हिशेब करून पाहिला तर १३ मिलिमीटर बाजूच्या चकतीच्या कोपऱ्यावर, तापमान ६० अंशांनी चढलं की दोघांमध्ये सात-आठ मायक्रॉनची ओढाताण होते. ऐकायला काहीच नाही. पण मधला थेंबच मुळी १०० मायक्रॉनच्या आसपास. त्याला दिवसातून वीस वेळा कुणी एका अंगाला ओढतंय आणि सोडतंय. तार इकडे-तिकडे वाकवत राहिलं की तुटते, तसा काही वर्षांनी तो तडकतो. आणि तो एकटा पडू नये म्हणून मधल्या फटीत एक राळ भरलेली असते, तिला अंडरफिल म्हणतात. गवंडीकामात दरजा भरतात तेच हे काम. ती ऊन लागताच मऊ पडणारी असली तर सगळा ताण थेंबांवर येतो, आणि फार कडक असली तर सिलिकॉनच्या वरचे नाजूक थर फाटतात. जुन्या दगडी बांधकामांत चुन्याच्या जागी सिमेंट भरलं की सांधा टिकतो आणि दगडाच्या कडा फुटू लागतात, ही तक्रार संवर्धन करणाऱ्यांच्या तोंडी कायम असते. २०१२ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने बालाजी घाट आपल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतला होता. तिथल्या दगडाचा वैद्य आणि चिपचा वैद्य एका टेबलाशी बसले तर त्यांच्या गप्पा छान रंगतील.

२००८ साली हा प्रकार चव्हाट्यावर आला. २ जुलैला एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या आपल्या काही जुन्या चिपा, चकती आणि पॅकेज यांच्या कमकुवत साहित्यामुळे, नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडताहेत. दुरुस्ती आणि बदलीसाठी कंपनीने पुढे १९ कोटी ६० लाख डॉलर बाजूला काढले. एचपीच्या पॅव्हिलियन डीव्ही२०००, ६००० आणि ९००० मालिका, डेलचे एक्सपीएस एम१३३० नि एम१५३०, अॅपलचे ८६००एम जीटीवाले मॅकबुक प्रो अशी रांगच लागली. डेलने काय करावं? पंखा लवकर आणि जास्त वेळ फिरेल अशी बायॉसची नवी आवृत्ती दिली. टीकाकारांनी लगेच विचारलं, यात आजार बरा होणार की फक्त हमीच्या मुदतीपलीकडे ढकलला जाणार? अॅपलने मे २००७ ते सप्टेंबर २००८ या काळात बनलेल्या मशिनांची फुकट दुरुस्ती देऊ केली आणि तिची मुदत वाढवत खरेदीपासून चार वर्षांपर्यंत नेली. अमेरिकेत दावा गुदरला, २०१० मध्ये तडजोड झाली, आणि एचपीच्या काही ग्राहकांच्या पदरात मूळ मशीनच्या बदल्यात एक साधासा कॉम्पॅक लॅपटॉप पडला. त्यावर ते जे बोलले ते छापण्याजोगं नाही.

याच सुमारास एक समजूत पसरली आणि ती अजून गेलेली नाही. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंधन आलं, भारतातही २०११ च्या ई-कचरा नियमांनी मे २०१४ पासून ते आणलं. मग लोकांनी कथा जुळवली: शिसं काढलं, सोल्डर ठिसूळ झालं, गोळे तडकले, म्हणून चिपा मेल्या. ऐकायला चोख. अडचण एवढीच की बंधनातून चिपच्या आतल्या थेंबांना सूट होती, आणि बदनाम झालेल्या त्या चिपांतले थेंब शिशाने ओतप्रोत भरलेले होते. दोष खालच्या मजल्यावर शोधला जात होता आणि भेग वरच्या मजल्यावर होती.

या समजुतीतूनच भट्टीची कृती जन्माला आली. बोर्ड सुटा करायचा, बॅटरी, प्लास्टिक, केबली सगळं उतरवायचं, फॉइलच्या गोळ्यांवर तो ठेवायचा आणि ओव्हनमध्ये साधारण १७० अंश सेल्सिअसला सात-आठ मिनिटं भाजायचा. आपल्याकडे ओटीजी नानकटाईसाठी असतो त्याच तापमानाला. मग दार उघडायचं, हात न लावता थंड होऊ द्यायचं, पंखा-पाइप बसवून बटण दाबायचं. आणि नवल म्हणजे चित्र येतं! ज्याने हे केलं तो मोहल्लाभर सांगत सुटतो: “गोळे वितळून पुन्हा जुळले.”

नाही जुळले. शिसेविरहित सोल्डर वितळायला २१७ अंश लागतात, शिसेवालं घेतलं तरी १८३. एकशे सत्तरला दोन्ही टणक. म्हणजे ओव्हनमध्ये एकही गोळा वितळलेला नाही आणि तरी मशीन उठलं. दोष कुठल्या मजल्यावर होता, याचा इतका बिनखर्चाचा पुरावा दुसरा नसेल. आतली राळ गरमीने सैल होते, सगळं थोडं फुगतं, तडकलेल्या थेंबाची दोन टोकं एकमेकांना पुन्हा चिकटून बसतात. जोड मात्र होत नाही. दार ओढून घेतलं, कडी लागलेली नाही, वारा आला की उघडणार. कुणाचं मशीन पंधरा दिवस चालतं, कुणाचं चार महिने. मग पुन्हा भट्टी, आणि दर वेळी मधला काळ आखूड. विझता दिवा मोठा होतो म्हणतात त्यातलाच हा उजेड.

याला दुजोरा अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राच्या, बिघाडाची खूण असलेल्या लाल कड्याने मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्चात पाडलं. तेव्हाही मुलं यंत्र टॉवेलात गुंडाळून स्वतःच्याच उष्णतेवर भाजत आणि ते काही काळ चालू होई. २०२१ साली आलेल्या एक्सबॉक्सच्या माहितीपटात कंपनीच्या अभियंत्याने सांगून टाकलं की तुटत होते ते सांधे घटकाच्या आतले, बोर्डावरचे नव्हेत. म्हणजे चौदा वर्षं लोक टॉवेल गुंडाळून ज्या गोळ्यांना वितळवू पाहत होते, ते बिचारे शाबूत होते.

तरीही घरच्या भट्टीला सरसकट मोडीत काढणं अन्यायाचं होईल. मशीनमध्ये मुलाच्या मुंजीचे फोटो आहेत, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आहे आणि साठवणीची डिस्क बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, अशा वेळी दोन आठवड्यांची उसनी मुदतही लाखमोलाची. (डिस्क सुटी निघत असेल तर मात्र हा खटाटोप हवाच कशाला? ती काढून यूएसबीच्या डबीत घातली की काम झालं.) फक्त तो ओव्हन त्यानंतर खाण्याच्या पदार्थांना वापरू नये, फ्लक्सचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा धूर आत बसलेला असतो. बॅटरी, अगदी घड्याळाची ती बटणाएवढी सेलसुद्धा, आधी बाहेर हवी. गरम झाल्यावर ती फुटते, आणि फुटताना विचारत नाही. शिवाय पावसाळ्यात बोर्ड ओल धरतो. ती ओल एकदम वाफ झाली की चिपचं पॅकेज मक्याच्या लाहीसारखं फुगतं, म्हणून कारखान्यात आधी १२५ अंशांवर कित्येक तास वाळवण करतात. श्रावणातल्या काशीत हा टप्पा गाळणारा आगीशी खेळतोय.

हीटगन हा ओव्हनचा उतावळा भाऊ. तापमानावर लगाम नाही, बोर्डाची एक बाजू ३०० अंशांना आणि दुसरी साठला, त्यामुळे बोर्ड धनुष्यासारखा वाकतो. चिपच्या भोवती तांदळाच्या दाण्याच्या पावपट असलेले घटक असतात. हवेचा झोत जोरात लागला की ते वाहून जातात. गेलेला कण फरशीवरून वेचून परत त्याच जागी, त्याच दिशेने बसवायचा म्हणजे भिंग, चिमटा आणि पूर्वपुण्याई, तिन्ही हवं.

व्यवहारात बहुतेक जण शेवटी दुकान गाठतात. पुण्यात बुधवार पेठेची तापकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे हे तिथल्या दुकानदारालाही आठवावं लागतं. वाराणसीत चौकाजवळची दालमंडी. अशा बाजारांतले चांगले कारागीर निष्णात असतात, यात शंका नको. चिपा काढण्या-बसवण्याच्या बीजीए मशीनवर खालून इन्फ्रारेडचा शेक, वरून मोजलेली हवा, तापमानाची तार चिपला टेकवलेली. फ्लक्स उकळू लागला की चिमट्याने हलकेच ढकलून पाहतात, चिप डुलून परत जागेवर आली की समजायचं खालचं सगळं पातळ झालं. हे डुलणं ज्याने पाहिलंय त्याला कारागिरीबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. प्रश्न आहे तो पाटीवरच्या ‘रीबॉलिंग’ या शब्दाचा. जुनीच चिप उपटायची, खालचे गोळे खरवडायचे, जाळीदार स्टेन्सिलमधून नवे ओळीत मांडायचे आणि तीच चिप परत बसवायची. म्हणजे आतून तडकलेल्या चिपला किमान तीनदा भट्टी आणि नव्या कोऱ्या गोळ्यांचा पाट. न्यूयॉर्कमधून दुरुस्तीचे व्हिडिओ करून नावारूपाला आलेले लुई रॉसमन याला वर्षानुवर्षं फसवणूक म्हणत आले. शब्द जरा जहाल आहे, कारण आपल्याकडचे कितीतरी कारागीर प्रामाणिकपणे गोळ्यांनाच दोष देतात. पण गॅरंटी विचारली की ‘एक महिना’ येणारं उत्तर पुरेसं बोलकं असतं.

खरी दुरुस्ती एकच: नवी चिप. आणि इथे गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवायला हवेत, कारण बाजारात ‘नवी’ या शब्दाला बऱ्याच छटा आहेत. भंगार बोर्डावरून काढलेली, धुतलेली, नवे गोळे लावलेली चिप नव्यासारखीच चकाकते. तिच्या अंगावर बारीक अक्षरांत एक आकडा कोरलेला असतो, समजा ०७४२. पहिले दोन अंक साल, पुढचे दोन आठवडा, म्हणजे ही २००७ च्या बेचाळिसाव्या आठवड्यातली, ऐन बदनाम काळातली. १०३० असेल तर २०१० च्या जुलैतली, म्हणजे एनव्हिडियाने आतलं साहित्य बदलल्यानंतरची. भिंग मागा, आकडा वाचा. भाव ठरवण्याआधीची ही दोन मिनिटं पुढचे दोन हजार रुपये वाचवतात.

भारत सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्याची चार खाती. चांगलं पाऊल आहे. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपचा विद्युत-आराखडा तिथे शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तो आजही एका कारागिराच्या पेनड्राइव्हमधून दुसऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये फिरतो, घराण्याच्या चिजा फिरायच्या तसाच, आणि देणारा आधी घेणाऱ्याची पत पाहतो.

घरी करण्यासारखी कामं आहेत, आणि ती भट्टीपेक्षा कितीतरी साधी आहेत. चिप मरण्याआधी मागचं झाकण उघडायचं. स्क्रू हरवू नयेत म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावायचा. पंखा उचलला की त्याच्या आणि पितळी-तांबड्या पात्यांच्या मध्ये धुळीचा नमदा दिसतो. घाटाकाठच्या घरात उदबत्ती-धुपाच्या धुराने तो तेलकट होऊन पात्यांना लिंपलेला असतो. बाहेरून ब्लोअर मारून तो हलत नाही, उलट आत रुततो. चिमट्याने अख्खा नमदा सोलून निघतो. चिपवरची पेस्ट खडूसारखी वाळलेली असते, ती पुसून नवा तांदळाएवढा ठिपका द्यायचा. एवढ्याने दहा-वीस अंश उतरतात, आणि मघाच्या हिशेबातली ओढाताण तेवढ्याच प्रमाणात कमी होते.

एचपीच्या त्या डीव्ही मालिकांत चिप आणि उष्णतावाहक पाइप यांच्यात फट होती, तिच्यात रबरासारखी थर्मल पॅड. हौशी लोकांनी ती काढून तांब्याची चकती घातली. तांबं पॅडच्या शंभरपट वेगाने उष्णता नेतं, त्यामुळे विचार बिनचूक. बालाजी घाटावरून चौकाकडे चालत निघालं की ठठेरी बाजार लागतो, तांब्या-पितळेचाच. तिथे पत्र्याचा तुकडा मिळायला अडचण नाही. अडचण जाडीची. पॅड दबते, तांबं दबत नाही. पाव मिलिमीटर जास्त झालं आणि स्क्रू आवळला की बोर्ड वाकतो, आणि वाचवायला निघालेली चिप आपल्याच हाताने तडकते. सँडपेपरवर घासत, बसवून बघत, पुन्हा घासत जाण्याचं हे काम आहे. घाई असलेल्याने पॅडच बदलावी.

चिप गेलीच, तर एक शेवटची वाट काही मशिनांना आहे, आणि सगळ्या प्रयत्नांत तीच जास्तीत जास्त टिकाऊ ठरली. २०११ च्या १५ इंची मॅकबुक प्रोत एएमडीची वेगळी रेडिऑन चिप होती, शिवाय इंटेलच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं साधं ग्राफिक्स होतंच. रेडिऑन धडाधड मरू लागल्या. अॅपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना आणली आणि २०१६ अखेर ती बंद झाली. नंतर ज्यांची मशिनं गेली त्यांनी वेगळाच विचार केला: मेलेल्याला जागं करायचंच कशाला? आधी लोकांनी फर्मवेअरमध्ये एक मूल्य बदलून मशीनला इंटेलच्या चिपवरच सुरू व्हायला भाग पाडलं. ते मूल्य मध्येच पुसलं जाई आणि पडदा पुन्हा काळा. मग बोर्डाच्या नकाशावर एक रोध सापडला, आर ८९११, खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडासाच मोठा. तो उचलला की रेडिऑनची वीज तुटते. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, चिमटा आणि स्थिर हात, एवढंच भांडवल.

त्यानंतर मशीन मेल पाहतं, लिहितं, सिनेमा दाखवतं, आणि पूर्वीपेक्षा थंड राहतं, कारण तापणारी चिपच उरलेली नाही. किंमत थोडी मोजावी लागते. झोपवून उठवल्यावर पडद्याचा प्रकाश कधी रुसतो, आणि बाहेरचा मॉनिटर आता लागत नाही. ते भोक थेट रेडिऑनलाच जोडलेलं होतं.